शेरीच्या बारा कुप्या

बाबांची नोकरी गेली त्या दिवशी आईने पेढे वाटले. घाटकोपरला आम्ही राहत होतो त्या बिल्डिंगमध्ये वरची-खालची धरून आठ बिऱ्हाडं होती. तिने आठही दारांत स्वतः जाऊन पेढा दिला, आणि कशाबद्दल म्हणून विचारलं की म्हणायची, दारूबंदी आली ना, म्हणून. खोटं नव्हतं ते. पन्नास साली राज्यात पूर्ण दारूबंदी आली होती आणि सगळीकडे सभा, प्रभातफेऱ्या चालल्या होत्या. फक्त तिच्या नवऱ्याची एकवीस वर्षांची नोकरी त्याच दारूबंदीत बुडाली होती, हे ती सांगत नव्हती. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना माहीत होतं.

बाबा फोर्टात एका विलायती कंपनीत कारकून होते. कंपनी परदेशातून दारू मागवायची. बाबांकडे स्पेनचं टेबल होतं, आणि स्पेनमधलाही एकच मुलूख, हेरेस नावाचा. तिथे शेरी होते. तिथल्या व्यापाऱ्यांची पत्रं, पिंपांच्या याद्या, नमुन्यांच्या बाटल्या, कुठली शेरी कोणाला पाठवायची, सगळं बाबांच्या हातून जायचं. स्वतः त्यांनी दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही. साहेबाने एकदा चव घ्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडून नकार दिला होता आणि साहेब हसला होता, एवढं त्यांनीच मला सांगितलेलं आठवतं.

आई परळची. तिचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. पगाराच्या दिवशी त्यांना गुत्त्यावरून घरी आणायचं काम नऊ वर्षांच्या आईवर असायचं, कारण पोरीला ते मारत नसत, बायकोला मारत. पुढे तिचा मोठा भाऊही दारूपायीच गेला, तिशीच्या आत, पोट फुगून. लग्न ठरताना तिला एवढंच सांगितलं होतं की मुलगा फोर्टात विलायती कंपनीत आहे. कंपनी काय विकते हे तिला लग्नानंतर चौथ्या महिन्यात कळलं. त्या दिवसापासून बाबांनी आणलेल्या पगाराला ती देवापुढे ठेवल्याशिवाय हात लावत नसे, आणि ठेवताना तिचा चेहरा बघवत नसे.

कंपनी बंद झाली तेव्हा बाबा एक पेटी घरी घेऊन आले. शिसवी लाकडाची, होमिओपॅथीच्या डॉक्टरची असते तशी. आत खणाखणात बारा कुप्या, प्रत्येकीच्या तोंडाला लाखेचं सील, आणि वर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. गिऱ्हाइकाला दाखवायच्या शेरीच्या नमुन्यांची पेटी होती ती. कुठली पिवळी, कुठली मधासारखी, एक तर काकवीसारखी काळी. आईने पेटी उघडलेली पाहिली आणि म्हणाली, ही आत्ताच्या आत्ता गटारात ओता. बाबा नाही म्हणाले. माझ्या आठवणीत आईला त्यांनी दिलेला हा पहिला स्पष्ट नकार. ते स्टुलावर चढले, पेटी माळ्यावर अगदी मागे, पितळी भांड्यांच्या आड सरकवली आणि खाली उतरून हात धुतले.

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे घरात बोलणं होतं, पण ते माझ्यामार्फत. मी बारा वर्षांची होते. तुझ्या बाबांना सांग, दळण आणायचंय. तुझ्या बाबांना विचार, अंघोळ करणार आहेत की नाही. बाबा चार हातांवर बसलेले असायचे आणि सगळं ऐकत असायचे, तरी मी ते पुन्हा म्हटल्याशिवाय उत्तर देत नसत. सुरुवातीला मला त्यात महत्त्व वाटलं. मग कंटाळा आला. मग राग यायला लागला, दोघांचाही.

बाबांना विक्रोळीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली. स्क्रू, वॉशर, पट्टे मोजून द्यायचे. ते तिथे जायचे आणि यायचे. कारखान्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. बोलायचे ते हेरेसबद्दल, आणि ऐकायला मी एकटीच होते. संध्याकाळी गॅलरीत माझी जुनी पाटी घेऊन ते बसायचे. तिथली माती खडूसारखी पांढरी असते, सांगायचे. पाऊस पडला की पाणी पिते, उन्हाळ्यात वरून कवच धरते आणि आतला ओलावा वेलींना पुरवते. द्राक्षांच्या जाती तीनच. पालोमिनो सगळ्यांत जास्त, बहुतेक शेरी तिचीच. मोस्कातेल समुद्राजवळच्या वाळूत होते, तिला सुगंध असतो. आणि तिसरी पेड्रो हिमेनेस. ती तोडल्यावर गवताच्या चटयांवर उन्हात वाळत घालतात, मनुका व्हायला येईपर्यंत, आणि मगच रस काढतात. माळ्यावरची काळी कुपी तिची होती. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला पेड्रो हा कोणी माणूस वाटला. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण भांडणात ती एकदा मला म्हणाली होती, तुझ्या बाबांना सांग, त्या पेड्रोला घेऊन वेगळं बिऱ्हाड करा.

पाटीवर ते पिंपांवरच्या खुणा काढून दाखवायचे. तिथला तपासनीस पिंपातली शेरी बघतो आणि खडूने रेघ ओढतो. एक रेघ म्हणजे हलकी ठेवायची, तिच्यावर आंबवणाची पांढरी साय धरू द्यायची. साय धरली की ती फीनो. साय नाही धरली की गडद होते, ती ओलोरोसो. मधेच साय मेली की आमोंतियादो. पिंपं एकावर एक ओळींनी रचतात. विकायची ती सगळ्यांत खालच्या ओळीतून काढतात, तीही थोडीच, आणि तेवढीच वरच्या ओळीतून तिच्यात भरतात. खालचं पिंप कधीच रिकामं होत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. कारखान्यातून परत आलेला, कपाळाला आठ्या घातलेला माणूस तेवढा वेळ कुठे जायचा कोण जाणे.

एकदा आईने उपासाला नाशिकची द्राक्षं आणली. बाबांनी एक मणी घेतला, नखाने फोडला, साल बोटांत चोळून पाहिली आणि मला म्हणाले, साल जाड आहे, रस पाणचट, ही नुसती खायची द्राक्षं. आई आतून म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, द्राक्षं खायलाच असतात." मी सांगितलं. बाबांनी तो मणी परत ताटलीत ठेवला.

आमच्या खाली मास्तर राहत. ते माझ्या शाळेत मराठी शिकवायचे आणि आमच्या भागातल्या दारूबंदी समितीचे चिटणीसही होते. सडपातळ, खादीतले, आयुष्यात कधी खोटं बोललो नाही हे चारचौघांत सांगणारे. बाबांना ते जिन्यात वाट देत नसत. बाबाही मग मुद्दाम जिन्याच्या मधोमध चालायचे. दोघे समोरासमोर आले की कोणीतरी एक अंग चोरेपर्यंत उभे राहायचे, आणि बहुतेक वेळा ते अंग मास्तरांचं नसायचं. वर्गात मास्तर माझं नाव घेत नसत. स्पेनची राजकन्या उत्तर देईल, म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. माझ्या दप्तरावर कोणीतरी खडूने बाटली काढून ठेवायचं. तक्रार करायची तर मास्तरांकडेच करावी लागली असती.

मी दहावीत गेले त्या वर्षी शाळेत दारूबंदी सप्ताहात वक्तृत्व स्पर्धा होती. मास्तरांनी मला न विचारता माझं नाव दिलं. मी घरी येऊन रडले. आई मात्र खूश झाली. भाषण तिने स्वतः सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. तिचे वडील, भाऊ, गुत्त्याचं दार, सगळं नावं न घेता त्यात आलं. चांगलं भाषण होतं ते. आठ दिवस मी ते घरात मोठ्याने पाठ करत होते आणि बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून ऐकत होते. त्यात एक वाक्य होतं, की सडक्या द्राक्षांच्या घाणीला हे लोक अमृत म्हणतात. सहाव्या की सातव्या दिवशी बाबांनी पेपर खाली केला. म्हणाले, "बाकी सगळं म्हण. पण सडकी नसतात ती. वाळवलेली असतात."

मला त्या क्षणी काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. त्यांच्या जुन्या नोकरीमुळे, त्यांच्या हेरेसमुळे माझ्या दप्तरावर बाटली येते, आणि यांना काळजी द्राक्षांची. स्पर्धेच्या दिवशी बाबा कारखान्यातून अर्धी रजा काढून आले होते, शेवटच्या बाकावर बसले होते. ते वाक्य आलं तेव्हा मी थांबले, त्यांच्याकडे बघितलं आणि सडक्या हा शब्द दोनदा म्हटला. टाळ्या पडल्या. मला पहिलं बक्षीस मिळालं, पितळेचा पेला, आणि तो मास्तरांनी हसत माझ्या हातात दिला. त्या दिवसानंतर बाबांनी मला हेरेसबद्दल एक शब्द सांगितला नाही. पाटी आईने पुढे मोडीत दिली.

झडती त्यानंतर वर्षभराने आली. रविवारची सकाळ होती, बाबा दाढी करत होते. फौजदार, दोन हवालदार आणि दोन पंच. पंचांतले एक मास्तर. फौजदाराने कागद दाखवला आणि विचारलं, माळा कुठे आहे. त्याने कपाट विचारलं नाही, पलंगाखालचं विचारलं नाही, सरळ माळा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर घट्ट ओढून घेतला आणि खाली बघत राहिली. हवालदार स्टुलावर चढला, पितळी भांडी एकेक करून खाली दिली आणि पेटी काढली.

पंचनामा लिहायला बसले तेव्हा अडचण झाली. हवालदाराला कुप्यांवरच्या इंग्रजी अक्षरांतल्या चिठ्ठ्या वाचता येईनात. बाबा अर्ध्या दाढीला साबण तसाच घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि सांगू लागले. क्रमांक एक, फीनो, द्राक्ष पालोमिनो. क्रमांक दोन, मान्सानिया, समुद्रकाठच्या गावातली, द्राक्ष तेच. ते सावकाश सांगत होते, हवालदार लिहीत होता, चुकलं की बाबा बोटाने दाखवून दुरुस्त करवत होते. क्रमांक अकरा, मोस्कातेल. क्रमांक बारा, पेड्रो हिमेनेस. फौजदाराने विचारलं, हा माल पुरवणारा का? बाबा म्हणाले, नाही, द्राक्ष. मास्तर म्हणाले, "बघा, पाठ आहे सगळं." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंचनाम्यावर मास्तरांची सही झाली, बाबांची झाली, आणि ते साबण पुसून, सदरा घालून त्यांच्याबरोबर गेले. दुपारनंतर जामिनावर घरी आले. राहिलेली अर्धी दाढी त्यांनी तेव्हा केली.

कोर्टात बाबांनी वकील दिला नाही. आई, मी आणि बिल्डिंगमधली चार-पाच माणसं मागे बसलो होतो. रासायनिक तपासणीचा कागद वाचला गेला. दोन कुप्यांतलं उडून गेलं होतं, बाकी दहांत दारूच होती. मॅजिस्ट्रेटने बाबांना विचारलं, पिणार नव्हता तर ठेवली कशाला. बाबा म्हणाले, एकवीस वर्षं मी या जिनसांबद्दल रोज लिहिलं, त्या जवळ असाव्यात असं वाटलं. मॅजिस्ट्रेट वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं, की कायदा पिण्याबद्दल विचारत नाही, बाळगण्याबद्दल विचारतो.

मग मास्तरांची साक्ष झाली आणि बाबांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली. त्यांनी एकच विचारला.

"माझ्या माळ्यावर काय आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मास्तर मॅजिस्ट्रेटकडे वळले. मॅजिस्ट्रेटने उत्तर द्यायला सांगितलं. मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "तुमच्या पत्नीने."

मागे कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. आई हलली नाही. बाबा मान डोलावून म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही. माहीत असल्यासारखे म्हणाले. मला आजही वाटतं, त्यांना माहीत होतं आणि तरी ते चारचौघांत वदवून घ्यायचं होतं. तसं असेल तर तो दुष्टपणाच होता, आणि त्यांनी तो ठरवून केला.

दंड झाला. मुद्देमाल नष्ट करायचा हुकूम झाला. नष्ट करताना बाबांना सहीसाठी चौकीवर बोलावलं, आणि आईने मला बरोबर धाडलं. का धाडलं ते मी विचारलं नाही. चौकीच्या मागे मोरी होती. हवालदार यादी वाचायचा, सील फोडायचा, मोरीत ओतायचा. उन्हात तो वास वर आला. मला वाटलं होतं गुत्त्यासारखी घाण येईल, आईने वर्णन केलेली. अक्रोडासारखा वास होता, जुन्या लाकडासारखा, आणि शेवटच्या काळ्या कुपीला तर नुसता मनुकांचा. ती पटकन ओतली जाईना, दाट होती, हवालदाराने कुपी आपटून आपटून रिकामी केली. मी वास घेत होते हे बाबांच्या लक्षात आलं.

"नीट घेऊन ठेव," ते म्हणाले. "पुढच्या भाषणाला उपयोगी पडेल."

सोळा वर्षांच्या मुलीला बापाने असं बोलावं का, मला माहीत नाही. मी त्याच्या आधी काय केलं होतं हेही मला माहीत आहे. आम्ही चौकीपासून घरापर्यंत एकमेकांपासून दहा पावलं अंतर ठेवून चालत आलो. रिकामी पेटी पोलिसांनी परत दिली नाही.

घरी आईने पानं वाढली होती. चार वर्षांत पहिल्यांदा ती बाबांकडे तोंड करून बोलली. "जेवायला बसा," म्हणाली. बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आईला सांग, मला भूक नाही." मी सांगितलं नाही. मी माझं ताट घेऊन गॅलरीत गेले आणि तिथे एकटीने जेवले. तेव्हापासून निरोप्याचं काम मी सोडलं. त्यामुळे घरात बोलणं वाढलं असं नाही. उलट जे थोडं होतं तेही संपलं. कारखान्याने बाबांना काढलं नाही, पण स्टोअरमधून हलवून फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते.

आईचं चुकलं असं मला म्हणवत नाही. नऊ वर्षांच्या पोरीने जे पाहिलं ते तिच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही, आणि तिच्या डोक्यावर, तिच्याच माळ्यावर ते चार वर्षं नेऊन ठेवलं होतं. बाबांना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी पेटी दुसऱ्या कोणाकडे ठेवली असती तरी चाललं असतं. त्यांना ती त्याच घरात ठेवायची होती.

माझं लग्न होऊन मी मुलुंडला गेले. बाबा गेले तेव्हा मी दोन मुलांची आई होते. त्याच्या थोडं आधी, ते हॉस्पिटलात असताना, आई बाकावर माझ्याशेजारी बसली होती आणि मी न विचारताच बोलली. तिने मास्तरांना सांगितलं होतं हे खरं. पण पोलिसांत द्या असं म्हटलं नव्हतं. तुम्ही शिकलेले आहात, वर या आणि ह्यांना समजावा, तुमचं ऐकतील, एवढंच म्हणाली होती. मास्तर बरं म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी फौजदार आला. यातलं किती खरं, मी सांगू शकत नाही. मास्तरांचं बाबा ऐकतील असं तिला खरंच वाटलं असेल, हे मला पटत नाही. पण तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. मी म्हटलं, अजून सांग ना, आत जाऊन सांग. ती म्हणाली, आता त्यांना कशाला.

बाबांना हॉस्पिटलातून शेवटचं घरी आणलं तेव्हा बिल्डिंगमधली सगळी माणसं वर आली. मास्तरही निघाले. म्हातारे झाले होते, कठडा धरून एकेक पायरी चढत होते. आई उठली, आतून बाहेर आली आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. बायका तिला धरायला गेल्या, तिने हात सोडवून घेतले.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही वर येऊ नका."

मास्तर मधल्या पायरीवर थांबले. म्हणाले, "बाई, मी कोर्टात खरं तेच सांगितलं. शपथेवर होतो."

"तिथलं मी विचारलं नाही. माझ्या घरात येऊ नका."

कोणीतरी मला खुणावलं, की तू मधे पड, अशा वेळी असं नको. मी पडले नाही. मग मास्तर वळले आणि कठडा धरून खाली उतरू लागले, चढताना लागला त्याहून जास्त वेळ लागला त्यांना. खालचं दार लागल्याचा आवाज आला तरी आई जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली, आणि मागून येणाऱ्या माणसांना तिच्या अंगाला चाटून, एकेकाने, आत यावं लागलं.